मुरबाड-शहापूरकडे गुरांसाठी पहिलीच जमीन घेतोय, काय काय बघू?

कळव्याचा_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. राहायला कळव्याला, कामाला महापेला. घरी मी, बायको आणि आई. आईचं सगळं लहानपण गुरांत गेलंय, त्यामुळे हे खूळ अर्धं तिचं आणि अर्धं माझं. चार-पाच जनावरांपासून सुरुवात करायची, जमलं तर पुढे दहापर्यंत न्यायचं आणि दूध बदलापूर-कल्याण पट्ट्यात घालायचं असं डोक्यात आहे. नोकरी इतक्यात सोडत नाहीये हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सगळे त्यावरच बोलत बसाल.

जागा दोन बघितल्यात. एक सरळगावजवळ, दीड एकर, सगळी भातशेती, डांबरी रस्त्याला लागून, एकदम सपाट, कुणालाही बघताक्षणी आवडेल अशी. दुसरी डोळखांबच्या अलीकडे साडेतीन एकर, त्यातली बरीचशी वरकस (भात न पिकणारी, डोंगरउताराची), चढ-उताराची, खाली ओढा आणि ओढ्याच्या कडेने थोडी खाचरं. तिथे रस्त्यापासून आत कच्च्या वाटेने जावं लागतं. गंमत म्हणजे दोन्हीची एकूण रक्कम जवळजवळ सारखीच पडतेय, कारण सरळगावचा दलाल दर वाक्याला रेल्वे येणार रेल्वे येणार करतो. तिसरा एकजण ११ गुंठ्यांचे 'फार्म प्लॉट' दाखवतोय, गेट आणि तारेच्या कंपाउंडसकट, सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणतो.

तर प्रश्न असे की गुरांसाठी सपाट भातजमीन बरी का ही वरकस, किती जनावरांना किती जमीन लागते, सातबाऱ्यात नेमकं काय बघायचं, आणि शेतकरी दाखल्याचं काय करायचं कारण गाव आमचं जुन्नरकडचं आणि तिकडची जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे, आजोबा गेले, वडीलही गेले, माझं नाव कुठेच नाही. दोन्ही जागा दिवाळीनंतर बघितल्या तेव्हा डोळखांबच्या ओढ्याला चांगलं पाणी होतं.

किन्हवलीवाला:
दिवाळीला आमच्याकडं कुठलाही ओढा वाहताच दिसतो दादा, त्याच्यावर जाऊ नका. पाऊस अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास नाहीतर वरच, पण तो सगळा जून ते सप्टेंबर आणि खाली कातळ, धरून काहीच ठेवत नाही. फेब्रुवारी सरला की ओढ्यात नुसते धोंडे. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मुंबई आमचं पाणी पिते आणि एप्रिल-मे ला आमच्याच पाड्यांवर टँकर फिरतो, हे दर वर्षी पेपरात येतं, तुम्हीही वाचलं असेल.

म्हणून जागा मे च्या शेवटी बघा, आणि परत एकदा जुलैत धो धो चालू असताना. मे मध्ये आजूबाजूच्या विहिरीत किती हात पाणी राहिलंय ते बघायचं आणि जुलैत ती कच्ची वाट उरते का ते. आणि पाण्याचं दलालाला विचारायचंच नाही, डोक्यावर हंडा घेऊन येणाऱ्या बायकांना विचारा, कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्यांना तोंडपाठ असतं.

आता किती गुरांना किती जमीन. लोक एकर मोजत बसतात, मी पाणी मोजायला सांगतो. पाणी बारमाही असेल तर एक एकर नेपियर गवत (फुले जयवंत वगैरे वाण) पाच-सहा मोठ्या जनावरांचा हिरवा चारा देतो. पाणी नसेल तर पाच एकर वरकस असली तरी पावसाळ्यातले चार महिने आणि पुढं थोडं वाळलं गवत, बस. कोरडा चारा विकत मिळतो, पेंढा म्हणा, डोंगरी गवत म्हणा, जनावराला दिवसाला पाच-सहा किलो धरलं तर पाच जनावरांना वर्षाचे नऊ ते अकरा टन होतात. भात झोडून झालं की नोव्हेंबर-डिसेंबरात स्वस्त असतो तेव्हाच भरून ठेवायचा. जूनला घ्यायला गेलात तर विकणारा तुमच्या तोंडाकडं बघून भाव सांगतो. त्यासाठी गोठ्यावर मोठा आणि न गळणारा माळा पाहिजे.

दोन जागांत मला विचाराल तर डोळखांबची. पण आधी मे, मग बोलू.

वकीलताई_ठाणे:
नंबर घालून नाही लिहीत, जे आधी अडणार ते आधी सांगते.

तुमचं स्वतःचं शेतकरी असणं. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा इकडे कुणालाही एक रुपया इसार देण्याआधी जुन्नरला वारस नोंद करून घ्या. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आणि अर्ज तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ऑनलाइन ई-हक्कवर. फेरफार (मालकी बदलाची नोंद) टाकल्यावर नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तुमच्या आईचंही नाव लागेल, आत्या असतील तर त्यांचीही लागणारच, त्यांना गाळून 'नंतर बघू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. नाव लागलं की ७/१२ आणि ८अ (खात्याचा उतारा) घेऊन तहसीलमधून शेतकरी दाखला.

११ गुंठेवाल्याला आजच नको म्हणून टाका. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, त्यात २०२३ साली जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही. तुमच्याकडे दाखवतात ती जमीन कागदावर बहुतेक जिरायत असते. मग हे लोक काय करतात, तर मोठ्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा जणांची नावं समाईकात लावतात. गेट तुमचं, तार तुमची, पण कागदावर तुमचा तुकडा कुठला हे कुठेच लिहिलेलं नाही. शेजारच्या प्लॉटवर शनिवार-रविवार पार्टीला येणारा माणूस तुमच्या शेणाच्या वासावर हरकत घेईल आणि तो तुमचा सहहिस्सेदार असेल.

डोळखांबची जागा. इथे दोन गोष्टी मी स्वतः तपासल्याशिवाय कुठल्याच पक्षकाराला पुढे जाऊ देत नाही. पहिली म्हणजे जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, किंवा कधी होती का. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ती परवानगी म्हणजे 'साहेबांशी बोलणं झालंय' हे नव्हे. आजचा विकणारा बिगरआदिवासी असला तरी मागचे सगळे फेरफार काढा, कारण १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून गेलेल्या जमिनी परत देण्याचाही वेगळा कायदा आहे. ऑनलाइन सातबारा बघून हे कळत नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार नकला घ्याव्या लागतात. दुसरी गोष्ट वन. ठाणे-रायगडच्या डोंगराळ जमिनींवर १९७५ च्या खाजगी वन कायद्याची सावली आहे. नुसत्या जुन्या नोटिशीवर जमीन वन ठरत नाही असं २०१४ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय खरं, पण एकदा सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात शेरा बसला की तो काढण्यात वर्षं जातात. शेरा नसला तरी वनविभागाकडून लेखी घ्या, आणि तानसा अभयारण्य तालुक्यातच आहे तर इको सेन्सिटिव्ह झोनचंही (अभयारण्याभोवतीचा निर्बंधांचा पट्टा) त्याच फेरीत विचारून घ्या.

बाकी भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा (वर्ग १ मोकळी विकता येते, वर्ग २ च्या विक्रीवर बंधनं असतात). वर्ग २ आणि कुळकायद्याच्या कलम ४३ ला पात्र असा शेरा असेल तर घाबरायचं कारण नाही, कुळाला जमीन मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून विक्रीचा मार्ग २०१४ पासून मोकळा झालाय आणि ती रक्कम किरकोळ असते. पण ते विकणाऱ्याने आधी करून द्यायचं. वर्ग २ इतर कारणाने असेल (सरकारने दिलेली, नवीन शर्त) तर प्रकरण वेगळं. समाईक नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या, बहिणींच्यासुद्धा. ३० वर्षांच्या दस्तांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस हे झालं की मगच इसार.

कळव्याचा_भाडेकरू:
ताई, खूप आभार, आत्या दोन आहेत आणि दोघींशी संबंध चांगले आहेत, या रविवारीच बोलतो. किन्हवलीवाले दादा, डोळखांबला बोअर मारली तर? दलाल म्हणतो दोनशे फुटावर हमखास. आणि गोठा बांधायला एनए (जमीन बिगरशेती) करावं लागतं का, कुणी म्हणतं लागतं कुणी म्हणतं नाही.

किन्हवलीवाला:
हमखास म्हणणाऱ्याला सांगा बोअरचे पैसे तू भर, पाणी लागलं की मी देतो. काळा पत्थर आहे इथं, भेगेत लागलं तर लागलं, नाहीतर धूळच धूळ. लागलेलं पाणीसुद्धा मार्चनंतर उतरतं. ओढ्याच्या कडेला खाचरात मोठी विहीर जास्त भरवशाची, पण ती खणायचा खर्च जमिनीच्या किमतीत आत्ताच मिळवून बघा.

घणसोलीकर_नाखवा:
सगळे पाणी पाणी करतात पण हिशोब कोणी पूर्ण मांडत नाही म्हणून मी मांडतो. आमच्या मामाचा तबेला आहे, नाव-गाव नको. पिण्याच्या पाण्यासाठी एवढं घाबरायचं नाय. दुभती म्हैस उन्हाळ्यात ७०-८० लिटर पिणार, धुण्याचं धरून शंभर-सव्वाशे धरा, पाच जनावरांना सहाशे लिटर, म्हणजे १० हजारचा टँकर पंधरा दिवस जातो. परवडतो. परवडत नाय तो हिरवा चारा. एक एकरला उन्हात रोज ५ मिलीमीटर जरी पाणी धरलं तरी २० हजार लिटर होतं, म्हणजे रोज दोन टँकर. तेव्हा पाणी कमी असलेल्या जागेत गुरं ठेवताच येत नाहीत असं नाय, फक्त मार्च ते जून नेपियर विसरायचा आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवायचा. पावसाळ्यात मका लावा, चीक भरला की कापा, कुट्टी करून बॅगेत दाबा, दीड-दोन महिन्यात तयार. ५०-५० किलोच्या बॅगा बायकोलापण उचलून देता येतात.

माझं खरं म्हणणं दुसरंच आहे. तुम्ही सगळे पैसे जमिनीत घालणार आणि जनावरं, गोठा, कडबाकुट्टी, वीजजोड हे कर्जावर करणार, हे मी चारचौघांचं बघितलंय. जमीन दूध देत नाय भाऊ. हातात आहेत त्यातले अर्धेच जमिनीला द्या, साडेतीनच्या जागी दोन एकर घ्या.

आणि माणूस कोण ठेवणार? पहाटे चारला आणि दुपारी परत धार काढायला माणूस लागतो, तुम्ही महापेला. तिकडची बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात, म्हणजे नेमक्या उन्हाळ्यात माणूस नाय. जोडपं ठेवा, त्यांना पक्की खोली आणि लाईट द्या, आणि पगाराशिवाय घरापुरतं दूध द्या, मग टिकतात. हे आधी ठरवा, मग सातबारा बघा.

गुरांचा_डॉक्टर_मुरबाड:
नाखवांशी माणसाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. मी रोज ज्या गोठ्यांत जातो त्यातले बंद पडले ते रोगाने कमी आणि गडी पळाल्याने जास्त.

जागेबद्दल माझ्या बाजूने सांगतो. भाताचं खाचर म्हणजे बांध घालून पाणी साठवायला केलेली जागा. माणसाने पिढ्यान् पिढ्या चिखल करून ती पाणी मुरू नये अशी केलीय, आणि त्याच जागी तुम्ही म्हणताय गुरं उभी करू. चार महिने खूर ओले राहिले की सडतात, लंगडतात, कासदाह वाढतो. शिवाय खाचरात शंखगोगलगाई असतात, त्यांच्यातून चपट्या कृमी जनावरांच्या यकृतात जातात, पावसाळ्यानंतर जनावर खातंय पण वाळतंय आणि जबड्याखाली सूज असं दिसलं की आम्ही आधी तेच धरतो. सरळगावच्या दीड एकरात गोठ्यापुरती जागा मुरूम टाकून तीन-चार फूट उचलावी लागेल, तो भराव फुकट येत नाही. वरकसवर उंचवट्याला गोठा, उताराने मूत्र आणि पाणी आपोआप खाली चाऱ्याच्या तुकड्यात, ही रचना निसर्गानेच करून ठेवलीय. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लिहिलेला कातळाचा भाग असतो ना, तो गोठ्याला सगळ्यात छान, आणि भाव ठरवताना तो भाग वेगळा काढून कमी दराने मागायचा.

एनएचं ताई सांगतीलच, पण महसूल संहितेत शेतीच्या इमारतीच्या व्याख्येत गुरांचा निवारा येतो एवढं मला माहीत आहे.

जनावर कोणतं. तुम्ही गाय की म्हैस ते ठरवलेलं नाही असं दिसतं. एचएफ (होल्स्टीन) गाय इथल्या दमट उन्हाळ्यात धापा टाकते, पंखे-फॉगर लावणार असाल तरच. डांगी ही याच पट्ट्यातली, इगतपुरी-अकोले-शहापूर, तिच्या कातडीवर तेलकटपणा असतो त्यामुळे धो धो पावसात ती चरते, पण दूध कमी. कोकण कपिला तशीच, काटक, लहान अंगाची, दूध वासरापुरतं आणि घरापुरतं. धंदा दुधाचा असेल तर म्हैस, त्यात नवख्याने मुऱ्हापेक्षा पंढरपुरीपासून सुरुवात केलेली बरी, खाणं कमी आणि अंगाने आटोपशीर. गाईचा अजून एक हिशोब लोक बोलत नाहीत, २०१५ च्या कायद्यानंतर गोऱ्हे आणि बैलही कत्तलीच्या बंदीत आलेत, बैल जुंपणारे कमी झालेत, म्हणजे जन्मलेल्या प्रत्येक गोऱ्ह्याला तुम्ही शेवटपर्यंत पोसणार का हे आधीच घरात बोलून घ्या.

विकत घेताना दुसऱ्या वेताची, ताजी व्यालेली, आणि समोर सलग तीन वेळा धार काढून बघायची, सकाळ-संध्याकाळ-सकाळ. एकाच वेळची बघितली तर आदल्या वेळची तुंबवलेली असू शकते. कानात १२ आकडी बिल्ला आहे का बघा, नसेल तर विमा आणि भरपाई दोन्हीला अडतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी मे मध्ये, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, लम्पीची वर्षाला एकदा. गोचीड इथे बारा महिने, थायलेरिया (रक्ताचा आजार) त्यातूनच येतो. आणीबाणीला १९६२ नंबर फिरवा, फिरतं पथक येतं, पण वाट असेल तिथपर्यंतच येतं हे लक्षात ठेवा.

वकीलताई_ठाणे:
डॉक्टरांचं बरोबर आहे, शेतजमिनीवर गोठ्याला एनए नको, पण ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि वीजजोड मागताना ते पत्र जोडा. त्यांनी वाटेचा विषय काढला म्हणून, ती कच्ची वाट गाव नकाशावर दाखवलीय का? नसेल तर ती कुणाच्या तरी जमिनीतून त्याच्या मर्जीवर चाललीय. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडून बांधावरून रस्ता मिळतो, पण खरेदीआधीच त्या शेजाऱ्यांचं नोंदवलेलं संमतीपत्र विकणाऱ्याकडून मागा, नंतर तुम्ही मागाल तेव्हा तोच शेजारी भाव सांगेल.

कळव्याचा_भाडेकरू:
आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते म्हैसच, आणि दोन म्हशी, पाच नाही. नाखवा, विकणाऱ्याला विचारलं, तो साडेतीनमधली दोन एकर तोडून द्यायला तयार आहे, पण वरची वरकस देतो, ओढ्याकडची खाचरं स्वतःला ठेवतो म्हणतो. वाटेचं विचारलं तर म्हणाला 'इतकी वर्षं चालतोय आम्ही, कोण अडवतंय'.

किन्हवलीवाला:
म्हणजे पाणी तो ठेवणार आणि कातळ तुम्हाला. ओढ्यापर्यंत उभी पट्टी मागा, वर गोठा आणि खाली विहिरीपुरती निदान वीस-पंचवीस गुंठे खाचर. नाही म्हणाला तर सोडून द्या, मे पर्यंत त्याच भागात अजून चार दाखवतील. पट्टी ठरली तर मोजणी खरेदीच्या आधी घ्या, भूमी अभिलेखाला अर्ज करून, आणि मोजणीदार येईल त्या दिवशी चारी बाजूचे शेजारी हजर पाहिजेत. पावसात मोजणी होत नाही म्हणून अर्ज जानेवारीतच टाका.

आणि दोन गोष्टी ज्या कागदात नसतात. भात निघालं की आमच्याकडं गावची गुरं मोकळी सुटतात, बांध बघत नाहीत, तुमचा हिरवागार नेपियर त्यांना लांबून दिसणार. भांडू नका, पहिल्या वर्षीच झटका मशीन (हलका झटका देणारं तारेचं कुंपण) लावा आणि गावात बसून सांगा की लावलंय. दुसरं वणवा. फेब्रुवारीपासून डोंगर पेटतात, गवताच्या गंजीभोवती दहा-बारा हात जमीन खरवडून मोकळी ठेवा आणि गंजी गोठ्याला चिकटून कधीच रचू नका. बिबट्या आहे, रात्री वासरं जाळीच्या आत घ्यायची, आणि जनावर मारलंच तर पंचनाम्यासाठी वनखात्याला लगेच कळवायचं, ते हलवायच्या आधी, भरपाई मिळते.

म्हैस घ्यायला पौषातल्या मुरबाडकडच्या म्हसा गावच्या यात्रेला जाल, सगळे नवखे जातात. आईला जरूर फिरवून आणा, घोंगडी घ्या, पण तिथला मुख्य बाजार बैलांचा. दुभती म्हैस गोठ्यावर जाऊन, डॉक्टरांनी सांगितल्यासारखी तीन धारा बघूनच.